जुन्या घराला खोली जोडताना: परवानगी आणि पाया

मंगळवेढ्याच्या काळ्या रानाला लागून असलेल्या आमच्या जुन्या घराला मागच्या अंगाने एक खोली जोडली, तेव्हा गवंड्याने जुन्या भिंतीत खाचा पाडून नव्या विटा तिच्यात गुंतवल्या आणि दोन्ही भिंती एकजीव झाल्याचे समाधान घरातल्या सर्वांना वाटले. दुसऱ्याच उन्हाळ्यात त्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत तडा गेला. वैशाखात त्या तड्यात रुपयाचे नाणे सहज जात असे, भाद्रपदात तो मिटत असे आणि होळीच्या सुमारास पुन्हा उघडू लागत असे. गिलावा करून तो कितीतरी वेळा बुजवला, पण जमिनीखालची हालचाल गिलाव्याने थांबत नाही. पुढे घरावर कर्ज काढायची वेळ आली तेव्हा बँकेच्या मूल्यांकनकाराने मंजूर नकाशा मागितला आणि त्या नकाशात ती खोली नव्हतीच. तडा आणि नकाशा या दोन अडचणी वेगळ्या दिसत असल्या तरी दोन्हींच्या मुळाशी एकच चूक होती: नवे बांधण्याच्या घाईत जुन्या घराची चौकशी कोणीच केली नव्हती, ना कागदावर, ना जमिनीखाली.

महाराष्ट्रात स्वतःच्या भूखंडावरील घराला, बंगल्याला किंवा रो-हाऊसला खोली अथवा मजला वाढवू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. सदनिकेतील बदलांचे प्रश्न वेगळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

परवानगीपूर्वीची चौकशी

आपल्या जागेला कोणती नियमावली लागू आहे, हे सर्वप्रथम पाहावे. डिसेंबर 2020 पासून राज्यातील बहुतेक महानगरपालिका, नगरपरिषदा आणि प्रादेशिक योजनेतील क्षेत्रांना एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. व्यवहारात तिला सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. बृहन्मुंबईला ती लागू नाही. तेथे 2034 च्या विकास आराखड्याची स्वतंत्र नियमावली चालते. औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रांचे आणि काही गिरिस्थानांचे नियमही निराळे आहेत. गावठाणात असलेल्या घराची वाट ग्रामपंचायतीकडून जाते. म्हणून शेजारच्या गावातील नातेवाईकाने कशी परवानगी घेतली, यावरून आपला अंदाज बांधू नये.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 'विकास' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे आणि इमारतीत केलेला महत्त्वाचा बदलही तीत येतो. रंगकाम, गिलावा, फरशी बदलणे, कौले चाळणे अशा दुरुस्तीला परवानगी लागत नाही. मात्र नवी खोली, नवे शौचालय, बाहेरून काढलेला जिना किंवा वरचा मजला यांपैकी काहीही करायचे असेल तर ते नव्या बांधकामाइतकेच परवानगीच्या कक्षेत येते. छत पत्र्याचे आहे म्हणून भिंतींनी बंदिस्त केलेली खोली या कक्षेतून सुटत नाही. त्याचप्रमाणे घरपट्टीच्या पावतीवर वाढीव खोलीची नोंद आहे म्हणून ती अधिकृत ठरत नाही. कर आकारणी आणि बांधकाम परवानगी या दोन स्वतंत्र बाबी आहेत. हा गैरसमज इतका खोलवर रुजलेला आहे की मी तो आवर्जून सांगतो. विनापरवाना बांधकामाबद्दल याच अधिनियमाच्या कलम 53 खाली ते पाडण्याची नोटीस येऊ शकते आणि कलम 52 मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

त्यानंतर घराचे कागद एकत्र करावेत. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, अकृषिक आदेश, पूर्वीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद हाताशी असले पाहिजेत. मंजूर नकाशा घेऊन एका रविवारी टेपने सबंध घर मोजून पाहावे. भिंती, ओटा, जिना, गच्चीवरील खोली यांपैकी जे नकाशात नाही त्याची वेगळी नोंद करावी. पूर्वीचा काही भाग विनापरवाना असेल तर नव्या अर्जाच्या वेळी तो उघड होतोच, म्हणून तो नियमित करता येतो का हे आधी विचारावे. गुंठेवारीतील, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या भूखंडांवरील, घरांसाठी 2001 चा गुंठेवारी अधिनियम आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली आहेत.

किती आणि कोठे बांधता येईल

किती बांधता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांकावरून, म्हणजे एफएसआयवरून ठरते; भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते, ते हा आकडा सांगतो. यूडीसीपीआरप्रमाणे दाट वस्तीबाहेरच्या निवासी भूखंडाला मूळ एफएसआय 1.10 आहे. भूखंड 200 चौ.मी. असेल तर मूळ हक्क 220 चौ.मी. होतो आणि त्यावर आज 140 चौ.मी. बांधकाम असेल तर 80 चौ.मी. शिल्लक राहते. याशिवाय निवासी वापरासाठी 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (पूरक) क्षेत्र अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून मिळू शकते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या नियमावलीत क्षेत्र मोजताना इमारतीची बाहेरची रेषा, जिला 'पी-लाईन' म्हणतात, ती धरली जाते; त्यामुळे जुन्या नियमांखाली जी बाल्कनी मोजणीबाहेर राहिली होती, ती आता मोजणीत येऊ शकते. शिल्लक क्षेत्राचा हिशेब जुन्या नकाशावरील आकड्यांवरून न करता परवानाधारक अभियंत्याकडून नव्याने करून घ्यावा.

एफएसआय शिल्लक असूनही खोली बसत नाही, असा अनुभव मात्र जास्त लोकांना येतो, कारण खरी अडवणूक सामासिक अंतरांची असते. पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना किती जागा मोकळी सोडायची हे भूखंडाचे आकारमान, रस्त्याची रुंदी, इमारतीची उंची आणि घराचा प्रकार यांवर ठरते. घराच्या मागे तीन मीटर मोकळे दिसतात म्हणून तेथे तीन मीटरची खोली बसेल असे होत नाही. शिवाय कंपाउंडची भिंत म्हणजे हद्द असे समजणे धोक्याचे आहे. भिंत बांधणाऱ्याने ती कधी आपल्या, कधी शेजाऱ्याच्या बाजूला सरकवलेली असते आणि तिच्यापासून अंतर मोजून पाया खोदला की पुढची दहा वर्षे शेजाऱ्याशी वाद चालतो. मोजणीचा अर्ज करून हद्दीच्या खुणा पुन्हा कायम करून घ्याव्यात. त्यासाठी होणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने फारच थोडा असतो.

शेजाऱ्याच्या उजेड-वाऱ्याचाही विचार करावा. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे एखाद्या इमारतीने 20 वर्षे अखंड व शांततेने घेतलेल्या प्रकाश व हवेचा हक्क तिला मिळू शकतो. आपल्याच घराचा उजेड तर सर्वांत आधी जातो. मागची खोली जोडली की जुन्या स्वयंपाकघराची खिडकी नव्या खोलीत उघडते आणि मधली खोली आंधळी होते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र कोरड्या उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश असावे. दहा चौरस मीटरच्या खोलीला सोलापुरात एक चौरस मीटर, तर रत्नागिरीत पावणेदोन चौरस मीटरच्या जवळपास उघडी जागा हवी. हा हिशेब नव्या खोलीइतकाच जुन्या खोलीसाठीही करावा आणि गरज पडल्यास दोन्हींच्या मध्ये मीटरभराचा उघडा चौक सोडावा. जुन्या वाड्यांना चौक होता तो याच कारणाने.

काही जागांवर स्वतंत्र निर्बंध असतात. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. पुण्यातील शनिवारवाड्याभोवतालच्या रहिवाशांना हा नियम चांगलाच ठाऊक आहे. नदीकाठी नकाशावर पुराच्या दोन रेषा आखलेल्या असतात: नदीजवळची निळी आणि मोठ्या पुराची लाल. निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम होत नाही आणि निळ्या व लाल रेषेच्या दरम्यान जोते लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच घ्यावे लागते. कोकणात किनारा नियमन क्षेत्र पाहावे लागते. वरचा मजला चढवताना विजेच्या तारांकडेही पाहावे. 11 केव्हीची तार असेल तर तिच्यापासून उभे अंतर किमान 3.7 मीटर आणि आडवे अंतर 1.2 मीटर राहिले पाहिजे. खालच्या मजल्यावरून ती तार निरुपद्रवी वाटते, परंतु स्लॅबवर उभ्या राहिलेल्या कामगाराच्या हातातील सळई तिच्यापर्यंत सहज पोचते.

अर्जापासून जोत्यापर्यंत

नकाशा परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडून करून घ्यावा. त्यात कायम राहणारे बांधकाम, पाडावयाचे बांधकाम आणि प्रस्तावित बांधकाम वेगवेगळे दाखवतात. रूढ पद्धतीप्रमाणे पाडावयाचा भाग पिवळ्या रेघांनी आणि नवा भाग लाल रंगाने दाखवला जातो. वाढीव कामाच्या अर्जासोबत जुनी इमारत नवा भार पेलेल असे संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र, तसेच गृहरचना संस्थेचे सभासद असल्यास संस्थेचे ना-हरकत पत्र जोडावे. विकास शुल्क, कामगार कल्याण उपकर आणि असल्यास अधिमूल्य हे खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावेत.

लहान भूखंडांना यूडीसीपीआरने सवलत दिली आहे. 150 चौ.मी.पर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक तांत्रिक व्यक्तीने प्रमाणित केलेले नकाशे शुल्कासह दाखल केल्याची पोचच परवानगी म्हणून चालते आणि 150 ते 300 चौ.मी.पर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. ही सवलत कार्यपद्धतीतील आहे. एफएसआय, सामासिक अंतरे आणि उंची यांचे नियम तसेच राहतात आणि ते मोडल्याची जबाबदारी मालकावर व सही करणाऱ्यावर येते.

इतर प्रकरणांत अर्ज दाखल झाल्यापासून 60 दिवसांत निर्णय न कळल्यास परवानगी मिळाली असे कायदा मानतो, परंतु प्रस्ताव सर्व नियमांत बसणारा असेल तरच. या तरतुदीच्या भरवशावर पाया खोदू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लेखी पाठपुरावा करून प्रारंभ प्रमाणपत्र हातात घ्यावे. ते एक वर्ष वैध असते आणि दरवर्षी मुदतवाढ घेत आणखी तीन वर्षांपर्यंत चालू ठेवता येते. जोत्यापर्यंत काम आले की जोते तपासणी करून घ्यावी. भिंत चुकीच्या जागी उभी राहिली असेल तर ती जोत्यावर असतानाच दुरुस्त होते.

जमिनीखालची चौकशी

नव्या पायाची खोली ठरवण्यापूर्वी दोन खड्डे घ्यावेत. एक खड्डा जुन्या भिंतीला लागून घ्यावा, म्हणजे तिचा पाया किती खोल आहे, दगडाचा की विटांचा आहे आणि तो कशावर टेकला आहे हे डोळ्यांनी दिसते. दुसरा खड्डा नव्या खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यावर घ्यावा. जुन्या भिंतीलगतचा खड्डा मीटरभर लांबीपेक्षा मोठा करू नये आणि पाहणी झाल्यावर तो उघडा ठेवू नये. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय माणूस आत उतरवू नये. काळी माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि ओल लागताच काही क्षणांत ढासळते.

खड्ड्याच्या बाजूला जे थर दिसतात ते नीट वाचावेत. आपल्याकडे बसाल्टच्या प्रदेशात वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती, मग मुरूम, त्याखाली कुदळीने निघणारा ठिसूळ मांजऱ्या नावाचा मऊ खडक आणि शेवटी काळा पाषाण असा क्रम बहुधा असतो. कोकणात जांभा वरच लागतो, पण त्यातही मऊ मातीचे कप्पे असतात. शहरात मात्र भरावाची भीती मोठी असते. बुजवलेला नाला, बुजवलेली विहीर, जुन्या इमारतीचा राडारोडा यांवर कितीही मोठे फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) घातले तरी ते खचते. खड्ड्यातून विटांचे तुकडे, प्लॅस्टिक किंवा राख निघाली तर त्या थराच्या तळापर्यंत गेल्याशिवाय थांबू नये. जुन्या रहिवाशांना विहिरीबद्दल विचारावे. त्यांच्या आठवणीइतका चांगला नकाशा अनेकदा कोठेच मिळत नाही.

काळ्या मातीचा प्रश्न वजन पेलण्यापुरता नाही. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते, म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगण्याचे प्रमाण तपासण्याची साधी प्रमाणित चाचणी आहे आणि मी ती प्रत्येक वेळी करून घ्यायला सांगतो. वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली दहा ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या पात्रात रॉकेलमध्ये टाकून चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमधील मातीने 12 आणि पाण्यातील मातीने 21 मिलिलिटर जागा व्यापली तर फुगण्याचे प्रमाण 75 टक्के झाले. आकडा 50 च्या वर गेला की त्या मातीवर साधा पाया ठेवू नये.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 1904 प्रमाणे पाया नैसर्गिक जमिनीखाली किमान 50 सेंटिमीटर असावा, परंतु हा आकडा चांगल्या जमिनीसाठी आहे. काळ्या मातीत मुरूम दीड-दोन मीटरवर लागत असेल तर फुटिंग सरळ मुरमावर नेऊन टेकवावे. माती त्याहून फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालतात. पाइलच्या खालच्या टोकाशी खोडाच्या सुमारे अडीच पट व्यासाचा फुगवटा असतो आणि खोल काळ्या मातीत त्याची लांबी साडेतीन मीटरपेक्षा कमी ठेवत नाहीत. पाइलवरची बीम जमिनीला टेकू देत नाहीत. तिच्याखाली किमान 80 मि.मी. पोकळी ठेवावी लागते, नाहीतर फुगलेली माती बीमलाच वर उचलते. हलक्या बांधकामाखाली न फुगणाऱ्या मातीचा जाड थर देण्याची पद्धतही आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या विषयावर मूलभूत काम केले आहे.

फुटिंगचा आकार अभियंत्यानेच ठरवावा, पण मालकाला त्यामागचा हिशेब कळला तर 'एवढे मोठे कशाला' असे म्हणून तो कापण्याचा मोह होत नाही. कॉलमवर 25 टन भार येत असेल तर फुटिंगचे स्वतःचे वजन धरून तो सुमारे साडेसत्तावीस टन होतो. मुरमाची सुरक्षित धारणक्षमता चौरस मीटरला 20 टन असेल तर 1.2 बाय 1.2 मीटरचे फुटिंग पुरते. जमीन दहाच टनांची असेल तर ते 1.7 बाय 1.7 मीटर लागते. दोन फुटिंगमधील फरक अर्ध्या मीटरचा दिसतो, क्षेत्र मात्र दुप्पट होते.

जुन्याशेजारी नवे

जुने घर जितके बसायचे तितके बसलेले असते. नवी खोली पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत स्वतःच्या वजनाने थोडी तरी बसणारच. दोघांना दाते सोडून बांधले की कमजोर ठिकाणी तडा जाणारच आणि आमच्या घरी नेमके तेच झाले. म्हणून नव्या भागाला स्वतंत्र कॉलम, स्वतंत्र बीम आणि स्वतंत्र भिंत द्यावी आणि दोन्हींमध्ये पायापासून छतापर्यंत किमान 25 मि.मी. सांधा ठेवावा. भूकंपातही हा सांधा उपयोगी पडतो. आयएस 1893 या भूकंपविषयक मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत पुणे आणि मुंबई तिसऱ्या भूकंप परिक्षेत्रात, तर कोयना परिसर चौथ्या परिक्षेत्रात आहे, तेव्हा नव्या भागाचा आराखडा त्या हिशेबानेच करून घ्यावा. सांध्यात लवचीक भराव घालून आतून पट्टी आणि छतावर पाण्याला अडवणारे पत्र्याचे आवरण बसवावे. सांधा वाईट दिसेल म्हणून तो सिमेंटने बुजवू नये.

शेजारी खोदताना दोन पायांच्या पातळीतील फरकाच्या किमान दुप्पट आडवे अंतर ठेवावे, हा आयएस 1904 मधील मार्गदर्शक नियम आहे. जुन्या पायाचा तळ 0.9 मीटरवर आणि नव्याचा 1.5 मीटरवर असेल तर फरक 0.6 मीटर झाला, म्हणून नव्या फुटिंगची कड जुन्या पायापासून 1.2 मीटर दूर हवी. मग जुन्या भिंतीलगतची नवी भिंत कशावर उभी राहणार? कॉलम तेवढा आत घेऊन त्यावरून बीम जुन्या भिंतीपर्यंत कॅन्टिलिव्हर पद्धतीने, म्हणजे पुढच्या टोकाला आधार न देता, बाहेर काढतात आणि भिंत तिच्यावर पेलतात. हे शक्य नसेल तर जुन्या पायाखाली आधार भरावा लागतो. ते काम मीटर-सव्वा मीटरचे तुकडे पाडून, एक सोडून एक अशा क्रमाने, अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे. सबंध भिंतीलगत एकदम चर खणणे, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे भिंत पाडण्याची तयारी करणे होय. पायाचे काम मृगाच्या आधी जोत्यावर आणून ठेवण्याचा आपल्याकडील परिपाठ अत्यंत शहाणपणाचा आहे.

वरचा मजला चढवायचा असेल तर नव्या भाराचा अंदाज घ्यावा. 230 मि.मी. जाडीची आणि तीन मीटर उंचीची विटांची भिंत गिलाव्यासह धावत्या मीटरला सुमारे दीड टन वजनाची होते. तीन बाय चार मीटरच्या एका खोलीच्या भिंतीच वीस टनांच्या घरात जातात आणि त्यावर स्लॅबचे वजन येते. 200 मि.मी.च्या एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी असते, म्हणून वरच्या मजल्यासाठी मी तोच पर्याय सुचवतो. गच्चीवर सळया वर सोडलेल्या आहेत एवढ्यावरून खालचा पाया दुसरा मजला पेलेल असे मानू नये. दहा-पंधरा वर्षे ऊन-पाऊस खाल्लेल्या सळया गंजून बारीक झालेल्या असतात. कॉलमची रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा मोजणारे उपकरण) आणि ध्वनिलहरींनी चाचणी, एक फुटिंग उघडून त्याची मापे आणि त्यावरून हिशेब हे तिन्ही झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी वा विटांच्या भिंतींवर काँक्रीटचा मजला चढवण्याचा विचारच करू नये.

पाया भरताना

लाईनआऊट, म्हणजे जमिनीवर पायाची आखणी, झाल्यावर गुण्या लावून न थांबता दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असतील तरच खोली काटकोनात आहे. खड्ड्याच्या तळाची सैल माती काढून, वाळवीप्रतिबंधक फवारणी करून 100 मि.मी. बेड काँक्रीट घालावे. सळयांची जाळी थेट बेडवर न ठेवता 50 मि.मी.च्या कव्हर ब्लॉकवर (जाळी उचलून धरणाऱ्या ठोकळ्यांवर) ठेवावी, आणि हे ब्लॉक दगडाच्या चिपांचे नव्हे तर काँक्रीटचेच असावेत. काँक्रीट किमान एम-20 प्रतीचे हवे. साइटवर ते मिसळणार असाल तर सिमेंटच्या एका गोणीला 30 लिटरपेक्षा अधिक पाणी जाऊ देऊ नये. मिक्सरजवळ बादली मोजून ठेवावी आणि घरातील एका व्यक्तीने तेथे उभे राहावे. 'माल सरकत नाही' म्हणून ओतलेली एक जादा बादली काँक्रीटची ताकद कायमची कमी करते. कोरड्या, उष्ण दिवसांत किमान दहा दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल तर चौदा दिवस, पाणी मारावे.

जोत्यात खोदलेली काळी माती परत भरू नये. मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून आणि धुम्मसाने ठोकून भरावा. राष्ट्रीय संहितेप्रमाणे जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा 45 सेंटिमीटर उंच असावे. जुन्या घराचे जोते त्याहून खाली असेल तर उंबऱ्याशी पायरी आली तरी चालेल, पण नवी खोली खाली उतरवू नये. भिंतीभोवती मीटरभर रुंद काँक्रीटचा पट्टा बाहेर उतार देऊन करावा, पन्हाळीचे पाणी पायाशी न सोडता दूर न्यावे आणि नळाची किंवा ड्रेनेजची गळती त्याच आठवड्यात बुजवावी. काळ्या मातीत एका बाजूला सतत ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडेपणा राहिला की उत्तम पायावरची भिंतसुद्धा तिरकी फाटते.

काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे आणि घरपट्टीच्या नोंदीत वाढीव क्षेत्र लावून घ्यावे. पाया भरण्यापूर्वी प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून, खोली स्पष्ट वाचता येईल असे छायाचित्र घ्यावे आणि त्यामागे फुटिंगचे माप, सळयांचा व्यास, कोणत्या थरावर टेकले ते आणि तारीख लिहून ते मंजूर नकाशाच्याच फाइलमध्ये ठेवावे. पुढे घरातले कोणी आणखी एक खोली वाढवू पाहील, तेव्हा त्याला जुनी भिंत उकरून पाहावी लागणार नाही.